फक्त एका फोनसाठी

आमच्या भाऊजींना शेडमधले लोक घुम्या म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि भाऊजी त्यावरही काही बोलत नाहीत, म्हणजे नाव किती बरोबर ठेवलंय बघा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. यंत्रमागाच्या शेडमध्ये ते माग चालवतात आणि त्याच शेडच्या टोकाला मी धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरते. ताईसुद्धा माझ्या शेजारच्या मशीनवर होती. आधी तिचे कान गेले, मग किडन्या. कान शेडनेच खाल्ले. किडन्या कशामुळे गेल्या ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण इतकं मोठं नाव सांगितलं की आम्हाला त्यातलं फक्त 'गेल्या' तेवढं कळलं.

शेडमधल्या आवाजाची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. माग सुरू झाले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आम्ही ओरडतच नाही. तोंड मोठं उघडायचं, ओठ सावकाश हलवायचे, हाताची जोड द्यायची आणि आवाज काढायचाच नाही. घशाला उगाच कष्ट कशाला? असं आम्ही दिवसभर बोलतो, भांडतो, चेष्टा करतो, मुकादमाला शिव्याही देतो. नवीन माणूस आला की त्याला वाटतं, मालकाने सगळे मुके भरती केलेत. भाऊजींचं तर जे काही थोडंफार बोलणं आहे ते सगळं असंच होतं. बाहेर आले की ते तोंड मिटून घेतात.

ताईला मात्र याचा उपयोग झाला. कान गेले तरी समोरच्याच्या ओठांवरून ती अक्षर न् अक्षर वाचते. रस्त्यापलीकडे नवरा-बायको भांडत असतील तर इकडे खिडकीत बसून मला दोघांची बाजू सांगते, वर कोणाचं चुकलं तेही सांगते. पण फोनला काही ओठ नसतात.

आणि सगळं अडलं ते फोनवरच. ताईचं डायलिसिस दिवसाआड चालू होतं. दुसऱ्याची किडनी बसवणं हा एकच मार्ग होता. माझी जुळली नाही, भाऊजींचीही जुळली नाही. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलने ताईचं नाव यादीत घातलं. ती यादी सांभाळणाऱ्या बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं.

"कुठेतरी एखादा माणूस जातो, त्याच्या घरचे एवढ्या दुःखात हो म्हणतात, आणि मग आमच्या हातात फार थोडा वेळ असतो. आम्ही फोन लावतो. उत्तर आलं नाही तर थोड्या वेळाने आणखी एकदा लावतो. तेव्हाही उत्तर आलं नाही, की पुढच्या नावाकडे जातो. त्यावर मग कुणाचं काही चालत नाही."

मी विचारलं, "आमच्या वाण्याच्या दुकानातला नंबर दिला तर चालेल?"

"नाही. पेशंटबरोबर राहतो त्याचा नंबर हवा. आणि तो सतत त्याच्याजवळ असला पाहिजे. वाणी तुम्हाला शोधत फिरेल आणि तोवर किडनी वाया जाईल. असं झालेलं आहे."

आमच्या तिघांत एकाकडेही मोबाइल नव्हता. मला ज्यांच्याशी बोलायचं ती सगळी माणसं डोळ्यांसमोर होती, आणि भाऊजींना बोलायचंच नव्हतं. मी म्हटलं, "मी घेते फोन. मी दोन घरं सोडून तर राहते." भाऊजी म्हणाले, "बायको माझी आहे." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. म्हणून मीही घातल्या. या माणसाला फोनच्या दुकानात एकटं सोडलं असतं तर तो छत्री विकत घेऊन परत आला असता.

दुकानात चकाचक दिवे, भिंतभर फोन आणि तीन-चार कंपन्यांच्या रंगीत पाट्या. विक्री करणारी मुलगी तोंडाने चटपटीत होती. तिने एकामागून एक फोन काढून काचेवर मांडले. ह्यात गाणी, ह्यात फोटो, ह्यात खेळ. भाऊजी नुसते बघत होते.

"बरं काका, रोजचं बोलणं साधारण किती असतं? त्यावर कुठली योजना घ्यायची ते ठरतं."

"एकदाच," भाऊजी म्हणाले.

"दिवसातून एकदा? मग कमी वापरणाऱ्यांची योजना…"

"दिवसातून नाही. एकदाच."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने गाण्यांचे फोन उचलून आत ठेवले, आणि त्यानंतर एकदाही तिने आम्हाला काही विकायचा प्रयत्न केला नाही. त्याबद्दल मी तिला अजून मानते.

एक फोन काढून ती म्हणाली, "ह्याचा आवाज सगळ्यांत मोठा आहे." मी हसले. आमच्या शेडमध्ये फोनचा आवाज! मग तिने तो थरथरता करून भाऊजींच्या तळहातावर ठेवला. भाऊजींनी मान हलवली. दिवसभर पायाखालची फरशी थरथरत असते, दात थरथरतात, त्यात खिशातलं काय वेगळं कळणार? राहता राहिले डोळे. शेवटी तिने कोपऱ्यातून एक फोन आणला. तो वाजला की त्याच्या कडेने जांभळे, हिरवे, लाल दिवे धावायचे. "हा कॉलेजची पोरं नेतात," ती जरा संकोचून म्हणाली. भाऊजींनी तो हातात घेतला, दुकानाच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि तिला तिथून खुणावलं, वाजव. दिवे धावले. उन्हातही दिसले. आमच्या घरातल्या सगळ्यांत गंभीर माणसाने सगळ्यांत उनाड फोन घेतला.

फोन ठरला, पण कंपनी ठरेना. कोणती चांगली, असं विचारलं की जो तो आपलीच चांगली म्हणतो, लग्नात स्वतःच्या पोराचं सांगतात तसं. भाऊजींनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी ओळखीच्या माणसांकडून तासा-दोन तासांपुरती सिमकार्डं मागून आणली. लाल पाटीवाल्या कंपनीचं ट्रकवाल्याकडून, निळीचं चहावाल्याकडून, पिवळीचं खुद्द मुकादमाकडून. मुकादमाकडे मागायला मला पाठवलं, कारण मागायचं म्हणजे बोलायचं.

तीन जागा तपासायच्या होत्या: शेड, घर आणि डायलिसिसचं सेंटर. लाल कंपनी घरात आणि सेंटरमध्ये उत्तम, पण शेडच्या पत्र्याखाली शिरली की मेली. निळी घरात छान, शेडच्या दारापर्यंत बरी, सेंटरमध्ये नावालाही नाही. पिवळी सगळीकडेच जेमतेम. घरात फक्त खिडकीपाशी, सेंटरमध्ये फक्त जिन्यात, आणि शेडमध्ये फक्त उजव्या भिंतीला जिथे वर झरोका आहे तिथे. शेडबाहेरच्या अंगणात तर तीही नव्हती. अंगण शेजारच्या इमारतीच्या आडोशाला येतं.

"लाल घ्या," मी म्हटलं. "दोन ठिकाणी तरी पक्की आहे."

"पिवळी."

"अहो, पण ती धड कुठेच नाही!"

"थोडी सगळीकडे आहे," भाऊजी म्हणाले. "मला गप्पा नाही मारायच्या. वाजला की पुरे."

मी वाद घातला. मी वाद घालतेच. पण दिवसरात्रीतला कुठला तास आपल्या नशिबाचा असेल ते माहीत नसताना एक जागा पूर्ण अंधारात ठेवायची, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पिवळी घेतली. त्या दिवसापासून भाऊजी घरात खिडकीखाली झोपायला लागले, आणि ताईचं डायलिसिस असलं की सेंटरच्या जिन्यात बसायला लागले. येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जायचे.

शेडमधल्या भिंतीचा प्रश्न अवघड होता. भाऊजींचा माग मधल्या रांगेत, चांगला, ऐकणारा. झरोक्याखालचा माग म्हणजे शेडमधली सावत्र सासू. दर थोड्या वेळाने धागा तोडणार. त्यावर पहिलवान नावाचा एक आडदांड गडी होता, जो रोज त्या मागाला लाथ मारून कामाला सुरुवात करायचा. भाऊजींनी त्याला खुणेने विचारलं, बदलतोस? पहिलवानाला आधी हसू आलं, मग संशय. चांगली जागा सोडून ही कोण मागतं? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. तो दोन दिवस कुणाकुणाला विचारत फिरला. शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "अरे बाबा, माझ्या बहिणीचा जीव त्या झरोक्यातून येणार आहे. सोड ना तो माग." दुपारी पहिलवान मधल्या रांगेत उभा होता.

मग वाट बघणं सुरू झालं. फोन मागाच्या चौकटीला, डोळ्यांच्या उंचीवर सुताने बांधलेला. भाऊजींची एक नजर धाग्यांवर, एक दिव्यांवर. मी घरी त्यांच्याकडून सराव करून घेतला. कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावायचा, आणि त्यांनी खिडकीपाशी उचलून "हॅलो, बोला" म्हणायचं. म्हणायचे. नीट, मोठ्याने म्हणायचे. मला वाटलं, झालं, शिकले.

पहिल्याच महिन्यात शेडमध्ये दिवे धावले. माझ्या हातातली कांडी पडली. भाऊजींनी फोन सोडवून कानाला घट्ट लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं, आणि मग माझ्याकडे बघून ओठांनी म्हणाले, "गाणं." कंपनीची बाई होती. आधीच बोलून ठेवलेली. तुमच्या फोनला नवीन गाणं लावा म्हणत होती. अशा बाया पुढे कितीदा आल्या. कधी गाणं, कधी क्रिकेट, कधी बक्षीस. दर वेळी मी हातातलं काम टाकून बघायची, आणि दर वेळी भाऊजी मुकाट्याने ऐकून फोन परत बांधून ठेवायचे. त्या बायांना उत्तर द्यायचं नसतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शेडमध्ये त्या फोनवर भाऊजी आजवर एक शब्दही बोलले नव्हते.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. ताईच्या हाताच्या शिरा सुजून दोरखंडासारख्या झाल्या. तिचं वजन उतरलं, चेहरा काळवंडला. जिना चढताना ती मधेच बसायची आणि वर, "दमले नाही, बघतेय," असं म्हणायची. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की, आता लवकर झालं तर बरं. 'लवकर' हा शब्द ते असा काही बोलले की मी तो ताईसमोर ओठांवर आणला नाही. तिने वाचला असता.

तो फोन आला तेव्हा सकाळची पाळी भरात होती. मी कांड्यांची पाटी घेऊन मधल्या वाटेने चालले होते. उजव्या भिंतीला दिवे धावताना दिसले. मी मनात म्हटलं, आली गाणंवाली. तरी नजर गेलीच.

भाऊजींनी फोन कानाला लावला. दुसऱ्या कानात बोट. आणि एकदम त्यांचा चेहरा पालटला. त्यांचे ओठ मोठे उघडले आणि सावकाश हलले. मी लांबून वाचलं. "हो. मीच तिचा नवरा." मग, "तिला ताप नाही. खोकला नाही." मग त्यांनी मोकळा हात वर करून पंजा पुढे ढकलला. शेडमध्ये आम्ही 'निघालो' असं सांगतो तसा. "लगेच निघतो," ओठ म्हणाले.

मला आनंदाने किंचाळावंसं वाटलं. आणि तेवढ्यात तो हात माझ्या डोक्यात शिरला. फोनला कोण हात करून दाखवतं?

मी पाटी टाकली आणि धावले. भाऊजी माझ्याकडे वळून हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "आला!" ते ओठांनी म्हणाले. मी त्यांचा दंड धरला आणि तोंड फाडून विचारलं, "आवाज काढलात का? आवाज!"

मग त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. त्यांचं हसू कसं उतरलं ते मला सांगता येणार नाही. फोन परत कानाला लावला, तर बंद झालेला. त्या बाईंना काय ऐकू गेलं असेल? मागांचा खडखडाट आणि त्यात एक न बोलणारा माणूस.

मी त्यांना दाराकडे ओढलं. ते जागचे हलले नाहीत. झरोक्याकडे बोट दाखवलं. बरोबर होतं त्यांचं. बाहेर अंगणात पिवळीचा पत्ता नाही. इथून हललो तर दुसरा फोन लागणार नाही, आणि इथे थांबलो तर लागूनही आपलं बोलणं तिकडे ऐकू जाणार नाही. त्यांनी उलटा फोन लावून पाहिला. मला नुसती त्यांची मान दिसली, नाही-नाही म्हणणारी. लाइन लागत होती की नाही तेही कळेना. बाई म्हणाल्या होत्या, आणखी एकदा लावतो. आणखी एकदा म्हणजे एकदाच. मग पुढचं नाव.

माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. असेल. मी मुकादमाच्या टेबलामागे गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळे माग एका दमात थांबले. आमच्या शेडमध्ये पाळी चालू असताना असं कधी होत नाही. मधेच माग थांबला की कापडावर खोट पडते, ते कापड बाद होतं आणि मजुरी कापली जाते. सगळे जागच्या जागी वळून बघायला लागले. कानात नुसती शिट्टी वाजत होती. मुकादम शिव्या देत आला, आणि त्या आम्हाला पहिल्यांदाच ऐकू आल्या.

"कुणी हात लावला स्विचला? डोकं फिरलंय का?"

"मी लावला," मी म्हटलं. "हॉस्पिटलचा फोन आला होता. भाऊजींनी उचलला आणि बोलले, पण शेडमध्ये बोलतो तसं बोलले. तिकडे काही ऐकू गेलं नाही. परत येईल. आला तर आज येईल, नाहीतर नाही."

असल्या चुकीचा अर्थ बाहेरच्या कुणाला समजावून सांगावा लागला असता. तिथे सगळ्यांना एका क्षणात कळला, कारण ती चूक त्यांच्यातल्या कुणीही केली असती. तरीही मुकादम स्विचकडे गेला. पहिलवान त्याच्या आणि स्विचच्या मधे येऊन उभा राहिला. कुणाला हात लावला नाही, नुसता उभा राहिला.

आम्ही सगळे त्या फोनकडे बघत होतो. भाऊजींनी तो दोन्ही हातांत धरला होता. कुणीतरी खोकलं आणि लगेच तोंडावर हात घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. मी मनात त्या बाईंना सांगत होते, लावा हो, एकदा लावा, तो माणूस मुका नाही, फक्त आमच्यासारखा आहे.

दिवे धावले. आणि फोन वाजला. कसलीशी नाचाची धून होती. इतक्या दिवसांत ती शेडमधल्या कुणी ऐकली नव्हती.

"हॅलो!" भाऊजी ओरडले. केवढ्याने ओरडले! शेडमधल्या अर्ध्या लोकांनी त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "मीच तिचा नवरा! ती बरी आहे! ताप नाही! आम्ही येतोय! मघाशी पण मीच होतो, मी बोललो, मी बोललो हो!" पुढे ते ऐकत राहिले. "हो," म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "हो. कळलं."

फोन ठेवल्यावर पत्र्याखाली जो गलका झाला तो मागांपेक्षा मोठा होता. ट्रकवाल्याने मालाची गाडी तशीच उभी सोडून आम्हाला मालकाच्या जीपमध्ये घातलं. मालकाला विचारलं होतं की नाही, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. ताई दारात बसली होती. आम्हाला या वेळी घरी आलेलं पाहूनच ती उठली.

वाटेत भाऊजी पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होते. ताईला डुलकी लागल्यावर त्यांनी मागे वळून ओठांनी मला सांगितलं. "मघाशी उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी यादीतल्या पुढच्या घरालाही बोलावून ठेवलंय. तेही निघालेत."

"आता आपण बोललो ना? नाव आपलं आधी आहे ना?"

"आधी आपलं. रक्त जुळलं नाही तर त्यांचं."

"मग निघू देत," मी म्हटलं. मला त्या क्षणी जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाची पर्वा नव्हती.

हॉस्पिटलात पोचल्यावर ताईचं रक्त घेतलं आणि आम्हाला बसवून ठेवलं. दुपार कलली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला काचेच्या दारापलीकडे एक माणूस आणि त्याची लेक बसली होती. लेक विशी-बाविशीची, ताईसारखाच काळवंडलेला चेहरा, तशाच सुजलेल्या शिरा. पायाशी बॅग. बापाने हातात फोन धरला होता. आता कुणाचा फोन यायचा होता? तरी धरला होता. ते कोण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. भाऊजी त्यांच्याकडे बघत नव्हते. ते न बघणं मला दिसत होतं.

संध्याकाळी यादीच्या बाई आल्या. ताईचं जुळलं होतं. मी रडले, अगदी हमसून रडले. भाऊजींनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. नर्सने ताईला ट्रॉलीवर घेतलं. बाई काचेचं दार उघडून पलीकडे गेल्या, त्या दोघांशी वाकून बोलल्या आणि परत आल्या. त्या परत आल्यावर बाप लेकीकडे वळून काहीतरी सांगायला लागला.

ताई ट्रॉलीवर आडवी, मान तिकडे वळलेली. तिने माझी बाही ओढली.

"तो बघ, पोरीला काय सांगतोय. म्हणतोय, आपल्याला फोन चुकून लागला होता. आपलं नाव अजून खूप खाली आहे." तिने माझ्याकडे पाहिलं. "कसला चुकून लागला? कोण आहेत ते?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते पुढे आले, तिच्या तोंडासमोर वाकले आणि ओठांनी तिला सगळं सांगितलं. शेड, फोन, हात, मेन स्विच, पुढचं घर. ताई शेवटपर्यंत त्यांच्या ओठांवरची नजर न काढता वाचत राहिली. मला वाटलं, आता ती चिडेल. पण ती म्हणाली, "अहो, मग जा ना. खरं काय ते सांगा त्यांना. ती पोर घरी जाऊन म्हणेल, माझा नंबर येतच नाही. फोन यायच्या आधीच तिचं मन मरेल. जा."

भाऊजी काचेचं दार ढकलून गेले. मी त्यांच्यामागे. ते वळसा घालून त्या दोघांसमोर, काचेकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, "फोन चुकून नव्हता. तुम्हालाच होता. आमच्यानंतर तुमचंच नाव आहे. मी पहिल्यांदा नीट बोललो नाही, म्हणून तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं."

बापाने वर पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. का असावेत? पोरीचं दुःख वाचवायला बिचारा खोटं बोलला होता, आणि हा कोण कुठला माणूस येऊन ते उघडं पाडत होता. पण पोरगी ताठ बसली.

"म्हणजे आता पहिली मी?"

"हो."

"तुम्ही किती दिवस थांबलात, काका? फोन यायला?"

दोन पावसाळे, तो जिना, ती खिडकी, डॉक्टरांचं ते 'लवकर'. भाऊजी तोलूनमापून बोलणारे, एक शब्द इकडचा तिकडे न करणारे. त्यांनी बापाकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"फार नाही, बाळ," ते म्हणाले. "थोडेच दिवस."

पोरीने मान हलवली आणि बापाच्या हातातला फोन घेऊन बॅटरी किती उरली ते बघायला लागली. मी मागे वळले. नर्स ट्रॉली आत ढकलत होती, आणि काचेपलीकडून ताई मान वळवून इकडेच बघत होती. तिने ते वाचलं होतं.